जिन्यातल्या बापाचा कालक्रम

हेडक्लार्कांनी बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीत पहिली टाचणी खुपसली तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून नुसती बघत राहिली. ती ओरडली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण रंगाऱ्याच्या मागे उभं राहून तिने ती भिंत रंगवून घेतली होती, आणि माणसाला अतोनात राग आला की आवाज फुटत नाही, तसं तिचं झालं. टाचणीखालच्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'बाप कधी मेला?'

"कुणाचा?" तिने शेवटी विचारलं.

"जपानी आहे," हेडक्लार्क म्हणाले. "तुझ्या ओळखीतला नाही."

नोकरी सुटली तरी हेडक्लार्कांचा हुद्दा सुटला नव्हता. इमारतीत, बाजारात, सासुरवाडीलासुद्धा ते हेडक्लार्कच. असा माणूस जपानी बापाच्या मागे का लागावा, हे कळायला रविवारचा फोन माहीत हवा.

त्यांची एकुलती लेक दूरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी फोन करायची. "जेवलीस का?" "हो." "तब्येत?" "बरी." "काम?" "चाललंय." "बरं, आईला देतो." वर्षानुवर्षं एवढाच मजकूर. मागच्या महिन्यात मात्र ती म्हणाली, "बाबा, दर रविवारी कशाला? काही असलं तर करत जाईन." अगदी सहज म्हणाली हो. काही असलं तर! निवृत्त माणसाकडे काय असणार? गुडघा? तो तर तिला पाठ होता. फोन आता कायमचा बंद पडतोय असं त्यांना दिसायला लागलं आणि ते घाईघाईने म्हणाले, "ते मागे कोण विव्हळतंय गं?"

"गेम आहे बाबा. जपानी. भुताचा."

आणि मग काय आश्चर्य! लेक बोलायला लागली. गेमचे चार भाग, ते उलटसुलट काळात घडतात, आम्ही सगळे मित्रमैत्रिणी वर्षभर डोकं खाजवतोय, पण कशाच्या आधी काय झालं तेच लागत नाही. बोलतेय, बोलतेय. हेडक्लार्कांनी फोन कानाला इतका दाबून धरला की कान लाल झाला.

"कालक्रम?" ते म्हणाले. "अगं, उभी हयात गेली माझी त्यात. मी देतो लावून."

ती हसली. "लावा. लागला की सांगा." म्हणजे पुढचा रविवार तरी पक्का झाला.

गेमचं जपानी नाव हेडक्लार्कांच्या तोंडात शेवटपर्यंत बसलं नाही. त्याचा अर्थ 'दिवेलागणीची वसाहत' असा काहीसा होता. लेकीच्या खोलीत तिचा जुना कॉम्प्युटर होता, त्यावर त्यांनी स्वतः खेळून बघायचा बेत केला. ज्या माणसाने हयातभर वरच्या साहेबांना तोंड दिलं, तो पहिल्याच व्हरांड्यात मरायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा मरायचा. शेवटी परक्या मुलांनी खेळून नेटवर टाकलेली चित्रफीत बघायची असं ठरलं. रोज दुपारी जेवण आटोपलं की पडदे ओढायचे, कानावर हेडफोन चढवायचा आणि बसायचं. बाहेर रणरणतं ऊन असायचं आणि आत समुद्रावरून येणारं धुकं.

समुद्रकाठी सिमेंटची एक वसाहत. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब व्हरांडा, एकसारखी दारं, लुकलुकणारे दिवे. तिसऱ्या मजल्यावरून जिना चढला की एकदम पाचवा. त्या लोकांत चार हा आकडा अशुभ म्हणून चौथा मजलाच नाही. "आख्खा मजला गहाळ, आणि कुणाला जाब नाही!" हेडक्लार्क पडद्याकडे बघून म्हणाले. त्यांची सालं तर त्याहून न्यारी. राजा बदलला की साल पुन्हा एकपासून सुरू. हे मात्र हेडक्लार्कांना मनापासून पटलं. त्यांच्या कचेरीतही नवा साहेब आला की फायलींच्या नंबरांसकट सगळं नव्याने सुरू व्हायचं.

तर त्या जिन्याच्या वळणावर एक बाप उभा असतो. अंगात घरातला स्वेटर, एकाच पायात सपात. दिवा त्याच्या पाठीमागे, त्यामुळे तोंड कधी दिसत नाही. त्याची शाळकरी मुलगी एके दिवशी घरातून निघून गेलेली असते, का ते गेम सांगत नाही, आणि हा रोज दिवेलागणीला तिची वाट बघत उभा राहतो. कुणीही जिना चढून आलं की एकच विचारतो, "आलीस?" गप्प राहिलात तर वाचलात. उत्तर दिलंत की तो मागे लागतो. धावत नाही, ओरडत नाही. सावकाश येतो. फट, मग काही नाही. फट, मग काही नाही. एका सपातेचा आवाज.

चार भागांत चार निरनिराळी माणसं त्या वसाहतीत येतात. एकात नळ दुरुस्त करणारा, एकात शाळेतल्या दोन मैत्रिणी, एकात प्रवासाची पेटी घेऊन आलेली पाहुणी, आणि एकात इमारत पाडायला आलेला मुकादम. बाप चारही भागांत, आणि तसाच्या तसा. तो मेला केव्हा? मुलगी गेली त्याच्या आधी की नंतर? ती परत कधी आली का? हे शेवटचं हेडक्लार्कांनी भिंतीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांना ती परत यायला हवी होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण चिठ्ठ्या हलवताना ते सारखे तिलाच शोधायचे.

रविवारचे फोन लांबायला लागले. "नळवाल्याच्या खोलीतला टीव्ही बघितलास का? त्यावरच्या बातम्या जुन्या राजाच्या काळातल्या आहेत." "अय्या, खरंच की बाबा!" हे अय्या ऐकून हेडक्लार्क दोन दिवस तरंगत होते.

समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त ड्रॉइंगमास्तर रोज दुपारनंतर सल्ला द्यायला यायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. "सावल्या बघा, हेडक्लार्क. सावली खोटं बोलत नाही," असं म्हणून ते पडद्याला नाक लावून बसायचे आणि बापाने विचारलं की दचकून चहा सांडायचे. एके दिवशी जाता जाता ते म्हणाले, "बाकी तुम्ही फारच मनावर घेतलंय हं. काल संध्याकाळी जिन्यात उभे होतात. मी हाक मारली, तर ओळख नाही की पाळख नाही."

"मी? काल संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर होतो."

"चेष्टा करता काय राव! वळणावर उभे होतात. दिव्याकडे पाठ करून. परवाही होतात."

"अहो, चहा दिला की मी यांना आत," बायको म्हणाली. मास्तरांचं दार समोरच, पाच पावलांवर, पण त्या दिवशी ते "जरा दारात उभे राहता का?" असं म्हणाले, आणि हेडक्लार्क राहिले.

त्यानंतर दिवेलागण झाली की हेडक्लार्कांचं लक्ष कॉम्प्युटरवरून उडायला लागलं. हेडफोन काढला की इमारत कशी चिडीचूप वाटायची. ते दाराशी जायचे, कान लावायचे. कडी काढायला हात जायचा आणि परत यायचा. 'वळणावरचा दिवा गेला असेल, तेवढा बघून येतो,' असं ते स्वतःशी म्हणायचे आणि बघून यायचे नाहीत.

बायको आधी टोमणे मारत होती. मग दुपारची भाजी निवडत मागे बसायला लागली. मग भाजी राहिली बाजूला. एकदा ती म्हणाली, "अहो, ती पेटीवाली बाई. रडतेय हो ती. एवढी पाहुणी कशाला रडेल?"

"तिचं सोड. ती पाहुणी. तिचा मूळ प्रकरणाशी संबंध नाही." हेडक्लार्कांनी पाहुणीची चिठ्ठी दिव्यांच्या बटणांजवळ, 'इतर' या सदरात टोचली होती. त्याला कारण त्यांची कचेरी. तिथे ठरलेल्या वेळेनंतर हजेरीपट मिटला की मिटला. उशिरा आलेला माणूस दिवसभर समोर बसून काम उपसत असला तरी पटावर गैरहजर, आणि हेडक्लार्क त्याच्याकडे गैरहजर माणसाकडे बघावं तसंच बघायचे, म्हणजे बघायचेच नाहीत. मुलगी शाळेच्या गणवेशात गेली, दप्तर घेऊन गेली, तिच्या नावापुढे शेरा पडला. आता शोधायची ती गणवेशातली, दप्तरवाली. पेटी घेऊन आलेल्या प्रौढ बाईकडे बघायचं कारणच काय?

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण एके सकाळी सिलिंडरवाला आला. सिलिंडर आत ठेवून वळला, तर समोर भिंत. 'बाप कधी मेला?' 'मुलगी गेली, जबाबदार कोण?' 'शेजाऱ्यांनी रडणं ऐकलं, दारं लावून घेतली.' आणि एका चिठ्ठीपासून दुसरीकडे गेलेला लाल दोरा. बिचारा पावतीवर सही न घेताच उतरला. त्याने इमारतीत आणखी किती घरी सिलिंडर दिले देव जाणे, पण दुपारपर्यंत माणसं यायला लागली. चपला बाहेर काढून, आवाज न करता, सोफ्यावर आणि जमिनीवर बसली. एका बाईंनी हेडक्लार्कांच्या बायकोचा हात हातात घेतला आणि मान हलवली.

"कोण गेलं?" हेडक्लार्कांनी घाबरून विचारलं. त्यांना वाटलं आपल्यालाच कुणी कळवलेलं नाही.

"धीर धरा," एक काका म्हणाले. "लेकीचं कळलं. आणि तुमच्या वडिलांचंही."

हेडक्लार्कांचे वडील जाऊन तपं लोटली होती. त्यांनी जीव तोडून खुलासा केला. जपान, गेम, चार भाग. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. धक्क्याने माणसाचं असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलट आता ते जास्तच मायेने बघायला लागले, आणि एका प्रतिष्ठित माणसाकडे मायेने बघणं म्हणजे काय अपमान असतो ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी आला. त्याचा मुद्दा वेगळा होता. "दुःख आहे, मान्य आहे. पण भिंतीवर मजकूर लावायचा तर कमिटीची परवानगी लागते."

"माझ्या घरात? आतल्या भिंतीवर?"

"बाहेरच्या माणसाने वाचला ना? मग ती दर्शनी भिंत झाली. शिवाय रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून तुम्ही बायकांना काय विचारता? दोघींनी सांगितलंय मला."

हेडक्लार्क उठून उभे राहिले. "काय विचारतो मी?"

"'आलीस?' म्हणून विचारता. शोभतं का या वयात?"

आजवर हेडक्लार्कांच्या चारित्र्यावर शिंतोडा उडाला नव्हता. त्यांना संतापायचं होतं, टेबल असतं तर त्यावर हात आपटायचा होता. पण अंगावर काटा आला होता आणि काटा आलेल्या माणसाला नीट संतापता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "तो मी नव्हे." सेक्रेटरी म्हणाला, "तसं लिहून द्या," आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून हवालदार आला. मुलगी बेपत्ता असल्याची चर्चा त्याच्या कानावर गेली होती.

"कोण हरवलंय?"

"एक जपानी मुलगी."

"पासपोर्ट?"

"नाही. म्हणजे, ती खरी नाही."

"खोटा पासपोर्ट," हवालदार लिहायला लागला. "कधीपासून बेपत्ता?"

"तेच तर महिनाभर काढतोय हो!"

तारीख नसेल तर तक्रार चढत नाही, यावर हवालदार ठाम. आणि हा मुद्दा हेडक्लार्कांना इतका मान्य, की त्याला हरकत घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. शेवटी त्यांनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. हवालदार टोपी मांडीवर ठेवून बसला तो बसलाच. बापाने "आलीस?" म्हणून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून "नाही साहेब" असं निघून गेलं. उठताना तो म्हणाला, "माझा अनुभव सांगतो. बापाला आधी उचला." मग जरा थांबून म्हणाला, "तुमची स्वतःची मुलगी कुठे आहे? ती ठीक आहे का, तेवढं मला विचारावं लागेल." आणि बायकोकडून नंबर घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, दारावरची घंटा वाजली. हेडक्लार्क दाराशीच होते, कान लावून. त्यांनी धीर करून कडी काढली. दारात लेक उभी होती. हातात पेटी, चेहरा पांढराफटक.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही आत कसे?"

"मग कुठे असणार?"

"आत्ता खाली वळणावर..." ती आत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "मला विचारलंत ना तुम्ही. मी म्हटलं, 'आले.' तर तुम्ही माझ्याकडे बघेनाच. माझ्या खांद्यावरून मागे, खाली बघत राहिलात. मी दोनदा म्हटलं बाबा, 'मी आलेय.' मग मी पळत वर आले."

बायको पुढे झाली. तिने दाराला कडी लावली, वरची लावली, साखळी अडकवली आणि घरातले सगळे दिवे लावले, न्हाणीघरातलासुद्धा. खाली जाऊन बघायचं धाडस हेडक्लार्कांनी केलं नाही, आणि मी असतो तर मीही केलं नसतं. तो कोण होता, हे मला विचारू नका. बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर कुणीतरी उतरत गेल्यासारखं तिघांनाही ऐकू आलं.

पाणी पिऊन झाल्यावर लेकीने भिंत बघितली. "हवालदाराने मला फोन करून विचारलं, 'बाई, आपण जिवंत आहात का?'" ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता चिठ्ठ्या वाचत गेली. नळवाला, मैत्रिणी, मुकादम. पार दिव्यांच्या बटणांपर्यंत गेली आणि तिचं हसू थांबलं.

"पाहुणीला इथे का टाकलंत?"

"ती 'इतर'मध्ये येते."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "हीच ती मुलगी आहे. आमच्यापैकीही कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आत्ता खाली कळलं. ती परत येते हो. मोठी होऊन येते. त्याच्यासमोर उभी राहून सांगते, मी आलेय. आणि उत्तर मिळूनही तो तिच्या मागे लागत नाही, दप्तरवालीची वाट बघत तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहतो. तो तेव्हा जिवंत होता की मेलेला, काय फरक पडतो?"

हेडक्लार्कांचा महिनाभराचा कालक्रम एका वाक्यात कोसळला होता. एरवी त्यांनी वाद घातला असता. पण त्यांचं चिठ्ठ्यांकडे लक्षच नव्हतं. ते लेकीकडे बघत होते. कितीतरी वर्षांनी बघत होते. तिच्या कानशिलाजवळचे केस पिकले होते. नाकावर चष्म्याचे वळ होते. गळ्याखाली, कॉलर जिथे सरकली होती तिथे, आडवा व्रण होता.

"चष्मा कधी लागला तुला?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि हे काय?"

तिने कॉलर वर ओढली. मग सोडून दिली. "ऑपरेशन झालं होतं. गाठ होती. साधीच निघाली. गेल्या वर्षी."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. बायको दारात येऊन उभी राहिली. "आणि मला बोलली नाहीस?" तिने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, आई."

"गेल्या वर्षी तर दर रविवारी फोन येत होता," हेडक्लार्क म्हणाले.

"दवाखान्यातूनच करायचे."

"मी काय म्हणायचो?"

"जेवलीस का, म्हणायचात."

"आणि तू?"

"हो म्हणायचे." ती जरा हसली. "नळीतून देत होते बाबा. तेही जेवणच."

हेडक्लार्क सोफ्यावर बसले. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले, सरकून शेजारी जागा केली आणि तिचा हात धरून तिला बसवलं. बायको दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

"सगळं सांग," ते म्हणाले. "तू इथून गेलीस तेव्हापासूनचं. क्रम चुकला तरी चालेल."

लेकीने मधूनच कुठून तरी सुरुवात केली.